मतं मागणारे निरोप बंद करा

नमस्कार मंडळी,

हल्ली गटात 'माझ्या उत्तराला मत द्या, मीही देतो' असे निरोप फार येताहेत. कृपया थांबवा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर पसंतीच्या एका मताचे 10 गुण मिळतात, विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारलं तर आणखी 15. पण एकाच व्यक्तीला पाठोपाठ दिलेली मतं तिथली यंत्रणा हेरते आणि रद्द करते. मिळालेले गुणही जातात. साटंलोटं किंवा दुसऱ्या खात्यातून स्वतःलाच मत देणं उघडकीला आलं, तर खातं काही काळ बंद होऊ शकतं.

नव्यांना घाई असते, समजतं. पण एकेक मत मिळालेली आणि स्वीकारली गेलेली दोन उत्तरं झाली की 50 गुण होतात, आणि तेवढ्यावर कुठेही टिप्पणी करता येते. तेव्हा स्वतः चालवून पाहिलेला कोड द्या, तो का चालतो हेही लिहा. दुसऱ्याचं काही उचललंत तर श्रेय द्या. नापसंतीच्या मताने 2 गुण जातात, त्यावरून इथे रडारड नको.

उद्यापासून मतं मागणारे निरोप ॲडमिन काढून टाकतील. अडलेले प्रश्न मात्र जरूर टाका.

– गटचालक