मल्हारच्या तापानिमित्त मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री साडेबाराला तुझा फोन आला, तेव्हा “ताप १०२ आहे, आत्ता निघू की सकाळपर्यंत थांबू?” एवढेच तू विचारलेस. मीही मल्हार पाणी पितो आहे का, शू झाली का, वहिनींकडे पाहून हात पुढे करतो आहे का, एवढेच उलट विचारले आणि थांबायला हरकत नाही असे सांगितले. तो उठून खेळू लागल्याचा तुझा निरोप सकाळी वाचला आणि जीव भांड्यात पडला. तरी दिवसभर एक गोष्ट मनात घोळत राहिली. थांबायला का सांगितले हे मी तुला सांगितलेच नाही, आणि पुढच्या खेपेला माझा फोन लागला नाही, तर तू पुन्हा तसाच थर्मामीटर हातात धरून उभा राहशील. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, हे तुला ठाऊकच आहे. आमच्या मुलीच्या, ओवीच्या, पहिल्या तीन वर्षांत डॉक्टरांना विचारून आणि समजेल तेवढे वाचून जे पदरात पडले, ते तुझ्यापुढे ठेवतो.

ओवी चौदा महिन्यांची असताना तिचा ताप एका रात्री १०४ वर गेला. आम्ही दोघांनी अक्षरशः हाय खाल्ली, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि रात्री दोन वाजता रुग्णालय गाठले. तिथे बाकावर बसलो असताना ही बया माझ्या खिशातले पेन ओढून काढत होती आणि समोरच्या आजींकडे पाहून हसत होती. डॉक्टरांनी कान, घसा, छाती, पोट सगळे तपासले, विषाणूचा ताप असावा असे सांगितले आणि कोणत्या खुणा दिसल्या तर पुन्हा यायचे हे लिहून दिले. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि अंगावर बारीक गुलाबी पुरळ उमटले. तो रोझिओला होता, लहान मुलांना सर्रास होणारा आणि बहुधा आपोआप बरा होणारा आजार. आम्ही गेलो ते चुकले असे मी म्हणत नाही, कारण दीड-दोन वर्षांच्या आतल्या मुलाला १०४ ताप असेल तर डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. पण त्या रात्रीपासून माझ्या मनात एक खोटा हिशेब पक्का बसला: पारा वर म्हणजे धोका, पारा खाली म्हणजे निर्धास्त.

तो हिशेब चार महिन्यांनी अंगाशी आला. ओवीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते. मी दर दोन तासांनी ताप पाहत होतो, तो ९९ च्या पुढे जात नव्हता, आणि त्या आकड्यावर विसंबून मी संध्याकाळपर्यंत दुखणे अंगावर काढू दिले. ती फारशी रडत नव्हती, खांद्यावर पडून होती, म्हणून मला वाटले की आता आराम पडतो आहे. दिवेलागणीला डायपर बदलायला घेतला, तर शी नव्हतीच आणि सकाळी बांधलेला तो डायपर पाकिटातून नुकता काढावा तसा कोरडा आणि हलका होता. तेवढ्यात ती रडली, आणि त्या रडण्यात डोळ्यांतून टिपूसही आले नाही. डॉक्टरांनी तिच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली. एरवी लगेच सपाट होणारी ती घडी क्षणभर तशीच उभी राहिली, अंगातले पाणी कमी झाल्याची ती खूण. ते पाहताना माझ्या पोटात जे कालवले, ते आजही आठवते. सलाईनपर्यंत वेळ आली नाही. तिथेच बसून आम्ही चार तास चमच्या-चमच्याने ओआरएस पाजले आणि तिसऱ्या तासाला तिला शू झाली. त्या शूचा जेवढा आनंद झाला, तेवढा तिच्या पहिल्या पावलाचाही झाला नसेल.

म्हणून तुला पहिली गोष्ट हीच सांगतो की थर्मामीटर पाहून झाला की तो खाली ठेव आणि मल्हारकडे पाहा. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस, आणि त्याच्या वर ताप धरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तरी वाट न पाहता निघायचे, तिथे दुसरा विचार नाही. मल्हारच्या वयात मात्र नुसता आकडा फार थोडे सांगतो. संसर्ग झाला की शरीर स्वतःच आपले तापमान चढवते, आणि अशा नेहमीच्या तापाने मेंदूला इजा होत नाही. बंद गाडीत किंवा कडक उन्हात राहून तापलेले मूल ही निराळी आणि अत्यंत तातडीची गोष्ट आहे, ती इथे मिसळू नकोस.

येल विद्यापीठातले डॉ. पॉल मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापलेल्या लहान मुलांमध्ये गंभीर आजार कसा ओळखावा याचा अभ्यास करून १९८२ मध्ये सहा गोष्टींची एक मोजपट्टी मांडली. त्या सहाही गोष्टी आईबापांना घरात दिसणाऱ्या आहेत, याचे मला फार अप्रूप वाटले: मूल कसे रडते, जवळ घेतल्यावर शांत होते का, झोपेतून उठवल्यावर नीट जागे होते का, रंग कसा आहे, तोंड आणि डोळे ओले आहेत का, आणि कोणी बोलले किंवा हसले तर त्याला प्रतिसाद देते का. तापात मूल मलूल होतेच, किरकिरते, काही खात नाही. ताप उतरल्यावर अर्ध्या-एक तासात ते थोडे तरी आपल्या मूळपदावर येते का, हे पाहायचे. इथे एक सावधगिरी ठेव. औषधाने ताप उतरला म्हणजे आजार साधाच आहे असे समजू नकोस, कारण गंभीर आजारातही पॅरासिटामॉलने पारा उतरतो. ताप उतरूनही मूल निपचित पडून असेल, ओळखीच्या हाकेला डोळे वळवत नसेल, किंवा उचलून घेतल्यावर अधिकच कळवळत असेल, तर वेळ कोणतीही असो, निघ.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. मूल शांत असताना किंवा झोपेत त्याचे कपडे वर करून छाती-पोटाचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असतील, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त, तर तो वेगवान श्वास समजतात. १९८० च्या दशकात फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञांनी पापुआ न्यू गिनीत केलेल्या कामातून ही रीत पुढे आली. क्ष-किरण यंत्र जिथे पोहोचत नाही, तिथेही नुसत्या डोळ्यांनी आणि घड्याळाने न्यूमोनियाचा संशय घेता यावा, हा तिचा हेतू. तापाने श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोज. आकडा मोजण्याआधी नजरेला दिसणाऱ्या खुणाही आहेत: पोट उडते आहे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो, किंवा शांत बसलेले असतानाही श्वास आत घेताना घुरघुर ऐकू येते. यांतली कोणतीही खूण दिसली तर मोजत बसू नकोस. सर्दीने नाक चोंदून होणारा आवाज निराळा. तो नाक साफ केल्यावर कमी होतो आणि मूल खेळत राहते.

तिसरी गोष्ट पाण्याची. जेवण दोन दिवस सुटले तरी चालते, पाणी सुटून चालत नाही. जुलाब-उलट्यांत ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळ; मोठे पाकीट बहुधा एक लिटरचे असते, आणि अर्ध्या पाकिटाला अर्धे लिटर असा अंदाज करू नकोस, कारण मिश्रण दाट झाले तर अपाय होतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने, अगदी सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध तर मुळीच थांबवू नये. इतके करूनही प्यायलेले सगळे उलटून पडत असेल, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, तोंड कोरडे पडले असेल, डोळे खोल गेले असतील, शीमध्ये रक्त दिसले किंवा उलटी हिरवी झाली, तर घरचे उपाय तिथेच संपले असे समज.

आता ज्यांत क्षणाचाही विचार करायचा नाही, त्या गोष्टी. ओठ किंवा जीभ निळसर पडणे, मूल जागेच न होणे, अंगावर लाल-जांभळे ठिपके येणे आणि त्यांवर काचेचा पेला दाबून धरला तरी ते न मावळणे, घड्याळातली गोल बटण-बॅटरी गिळल्याची नुसती शंका येणे. यांत फोनाफोनी करत न बसता थेट रुग्णालय. तापातली आकडीही यातच येते. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना ती येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबते, पण पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते. तसे कधी झाले तर मल्हारला कुशीवर वळव, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नकोस, हातपाय दाबून धरू नकोस आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची रुग्णवाहिका बोलाव. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी तपासणी हवीच.

उरला तो दिवसांचा हिशेब. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा ताप चोवीस तासांच्या पुढे गेला, तर मूल बरे दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. दोन वर्षांच्या पुढे तीन दिवस. एखादा दिवस ताप जाऊन पुन्हा चढला, तरी दाखवावे, कारण कधीकधी विषाणूच्या पाठोपाठ कानात किंवा छातीत दुसरा संसर्ग शिरलेला असतो. पाच दिवस टिकलेला ताप तर मी कोणाच्याही भरवशावर सोडणार नाही. जपानचे डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात असाच लांबलेला ताप, लाल डोळे आणि लाल ओठ दिसतात, आणि पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आजार विरळा आहे. तारीख लिहून ठेवण्याची सवय मात्र त्याच्यामुळे मला लागली.

औषधाविषयी थोडेच लिहितो, पण ते नीट वाच. पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावर नव्हे तर वजनावर ठरते, साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते. दहा किलोच्या मुलाला लागणारे १५० मिलिग्रॅम एका बाटलीतून ३ मिली होतात, दुसरीतून सव्वासहा मिली, आणि ड्रॉपच्या बाटलीतून अवघे दीड मिली. तेव्हा मल्हारचा डोस डॉक्टरांकडून एकदा बाटलीच्या नावानिशी लिहून घे आणि तो कागद बाटलीलाच गुंडाळून ठेव. ॲस्पिरिन मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच द्यायचे नाही. मागच्या आजारातले उरलेले प्रतिजैविकही द्यायचे नाही. विषाणूवर ते चालत नाही.

आणखी एक सांगायचे आहे. काल फोन ठेवताना तू म्हणालास, “उगाच घाबरून तुला उठवले.” सुहास, असे पुन्हा म्हणू नकोस. मन चिंती ते वैरी न चिंती हे खरेच, पण २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मुलांच्या गंभीर संसर्गाविषयी जो आढावा आला, त्यात पालकांची काळजी, विशेषतः ‘हे दुखणे नेहमीसारखे नाही’ हे त्यांचे वाटणे, धोक्याच्या खुणांमध्ये गणले आहे. वरची एकही खूण जुळत नसेल आणि तरीही तुम्हा दोघांचे मन मानत नसेल, तर जा. तिथे गेल्यावर “ताप आहे” एवढ्यावर थांबू नकोस. ताप कधीपासून आहे, शेवटची शू केव्हा झाली, किती प्यायला, कोणते औषध किती वाजता दिले, हे कागदावरून वाचून दाखव. आणि परत पाठवले तर एवढे विचारून घे की काय दिसले तर पुन्हा यायचे. परत आल्यावरही तो बिघडतच गेला, तर त्याच रात्री पुन्हा जायला संकोच करू नकोस.

आज तो बरा आहे, तर एक काम आजच कर. रात्री तो गाढ झोपला की शेजारी बसून त्याचे श्वास मिनिटभर मोज आणि तो आकडा त्याच्या वजनाबरोबर कागदावर लिहून ठेव, म्हणजे पुढे कधी तो आजारी पडला तर त्याचे स्वतःचे नेहमीचे माप तुझ्या हाताशी असेल. मोजल्यावर मलाही कळव. वहिनींना नमस्कार, मल्हारला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर