आई, तुझा वर्ग लिहून काढला आहे

पुणे,
रविवार, संध्याकाळ

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

बाबा, पत्र तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा, आईच्या डोळ्यांना ताण नको. आणि ती मध्येच "थांबा, असं नाही ते" म्हणाली की पेन घेऊन समासात लिहा. त्यासाठीच समास एवढा मोठा सोडलाय.

आई, तुझ्या पंचाहत्तरीला मंडळी उपकारस्तुतीची उपासना ठेवतेय. प्रार्थनाशील, सोशिक, विश्वासू अशी सगळी विशेषणं त्या दिवशी येतील, आणि ती खोटीही नाहीत. पण जानेवारीपासून ज्या दोघी मुली शब्बाथ शाळेचा तुझा वर्ग घेणार आहेत, त्यांना विशेषणं घेऊन काय करायचंय? सोनेरी वचन, म्हणजे त्या रविवारी पाठ करायची बायबलमधली ओवी, फळ्यावरून पुसायला कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची, हे त्यांना हवंय. तुझ्या विश्वासाबद्दल सगळे बोलतात, हातोटीबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून ती लिहून काढली. चुकलं असेल तिथे सांग.

वचनापासून सुरू करते. स्तोत्र 23, ओवी 1 घे: "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." नऊ शब्द. पहिली-दुसरीच्या मुलांना एका रविवारी एवढंच पुरे. पाचवीच्या पुढे वीसेक शब्द झेपतात. फळ्यावर दोन ओळींत लिहायचं, स्वल्पविरामाशी ओळ तोडायची, कारण मुलांचा श्वास तिथेच तुटतो. दोनदा सगळ्यांनी वाचायचं, मग पुसायला घ्यायचं. आधी "आहे" आणि "नाही" जातात, कारण ते कानाने आपोआप भरून निघतात. मग "माझा", "काही", "पडणार". "मेंढपाळ" आणि "उणे" त्यानंतर. "परमेश्वर" आणि "मला" अगदी शेवटी, कारण ओळ उचलायला पहिला शब्द दिसावा लागतो. नवीन बाई हमखास "मेंढपाळ" आधी पुसतात, अवघड शब्द आधी पाठ व्हावा म्हणून. मुलं तिथेच अडकतात आणि पुढचं सोपं वाक्यही सांडतं. पुसलेल्या जागी छोटी रेघ मारायची, म्हणजे शब्द गेला तरी त्याची जागा राहते. डस्टर वापरायचा नाही, शेजारचा शब्दही फरफटतो. बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसलं की काम नेमकं होतं.

संदर्भ, म्हणजे पुस्तक, अध्याय आणि ओवी, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा म्हणून घ्यायचा. नुसता शेवटी घेतला तर वचन पाठ होतं आणि ते कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

याच वचनातला "उणे" हा शब्द मी मुद्दाम वेगळा लिहिते. तिसरीच्या मुलाला उणे म्हणजे वजाबाकीची खूण. त्याला वाटतं, परमेश्वर गणितातून वजाबाकी काढून टाकणार! तू पाठांतराआधी पाच मुलं उभी करायचीस, पाच शेंगदाण्याचे लाडू वाटायचीस आणि विचारायचीस, "कुणाला उणं पडलं?" अर्थ आधी, पाठांतर नंतर. उलटं केलं की चुकीचा अर्थच पक्का होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवडाभर गणित शिकवणारी बाईच हे ओळखू शकते. पुस्तकांची संख्यासुद्धा तू गणितानेच बसवलीस: जुन्या करारात 39, त्यातला 3 आणि 9 गुणला की 27, तो नवा करार. बेरीज 66. हे एकदा ऐकलेलं मूल पुन्हा चुकत नाही.

गोष्ट बारा मिनिटांवर जाऊ द्यायची नाही. फलालीनचा फळा असेल तर तीन मिनिटं जास्त मिळतात, कारण डोळ्यांनाही काम असतं. फळा साधारण तीन फूट बाय दोन फूट, प्लायवुडवर फलालीन ताणून मागून खिळ्यांनी ठोकलेलं. तो सरळ उभा ठेवला की चित्रं घसरतात. वरची कड थोडी मागे कललेली हवी. चित्रांच्या मागे फलालीनचे तुकडे, नाहीतर बारीक सँडपेपर. महिन्यातून एकदा कपड्याच्या ब्रशने फळा झाडायचा. तंतूंत धूळ बसली की ते चित्र धरत नाहीत, आणि मग येशूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय झाडावरून आपणच खाली पडतो, प्रभूने हाक मारायच्या आधी. आपल्या पवित्र शास्त्रात ते झाड उंबराचं आहे (लूक 19), म्हणून तू उंबराचीच पानं काढलीस. विकतच्या संचात कुठलं तरी परकं झाड येतं. मुलींनी ते वापरू नये असं माझं स्पष्ट मत. पाच भाकरींच्या गोष्टीतही चित्रात पाव नको, भाकरीच हवी. ती मुलांना लांबून ओळखता येते.

चित्रं चिकटवायची खळ मुलींना आधी शिकवावी लागेल. एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. नुसत्या खळीला कसर लागते, म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) गरम पाण्यात विरघळवून ते पाणी शेवटी घालायचं. मोरचूद विषारी आहे आणि अ‍ॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं खातं, तेव्हा चिनी मातीची जुनी बरणी वेगळी ठेवायची. ती स्वयंपाकघरात पुन्हा आणायची नाही. लहान मुलांच्या हाती ही खळ द्यायची नाही.

आता बायकांचा वाचनवर्ग. याबद्दल उपासनेत कुणी एक वाक्यही बोलणार नाही, याची मला खात्री आहे, आणि खरं तर तुझं सगळ्यात मोठं काम तेच. ज्यांना अक्षर येत नाही पण गीतं तोंडपाठ आहेत अशांच्या हाती तू "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक दिलंस. मजकूर आधीच ओळखीचा, फक्त डोळ्याला सापडायचा बाकी. धोकाही तोच आहे. त्या वाचत नाहीत, पाठ असलेलं म्हणत जातात. बोट पहिल्या ओळीवर आणि तोंड तिसऱ्या. म्हणून तू खालच्या ओळीतून वर जायचीस, शेवटच्या शब्दापासून उलटं. चाल मोडली की डोळा उघडतो.

अक्षरांचा क्रमही लिहून ठेवते. सुरुवात ग, म, भ, न यांनी, सगळी सरळ उभ्या काठीची. "येशू" लवकर येतो, ये आणि शू, एकही जोडाक्षर नाही. पण प्रत्येकीला पहिल्याच आठवड्यात लिहायचा असतो "ख्रिस्त", आणि त्यात दोन जोडाक्षरं. घाई केली की आयुष्यभर "खिस्त" राहतं. तो शब्द तू तिसऱ्या महिन्यापर्यंत अडवून धरायचीस. "प्रार्थना" त्याहून कामाचा: प्र मधला खालचा र आणि र्थ मधला डोक्यावरचा रफार, दोन्ही एकाच शब्दात. तो नीट लिहिता आला की र ची निम्मी भानगड मिटते.

बाबा, पाळकसाहेबांना एक सांगा. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं आणि 1831 ला नगरला. सिंथिया फॅरारबाई 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही त्यांच्याकडे झालं. "ज्ञानोदय" 1842 ला नगरातच सुरू झालं. पुढे बायबलबाया घरोघर जाऊन वचनाबरोबर अक्षरही शिकवत. आईचा वाचनवर्ग त्या रांगेतला आहे. भाषणात तो "सेवाकार्य" या एका शब्दात गुंडाळू नये. आणि नीतिसूत्रे 31 वाचणारच असतील तर हेही सांगावं की 10 ते 31 या बावीस ओव्या मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात, बावीस अक्षरं, एकेका अक्षराला एक ओवी. मुळाक्षरं गिरवून घेणाऱ्या बाईला याहून चांगला सत्कार कुठला? त्याबरोबर 2 तीमथ्य 1:5 वाचलं तर दुधात साखर, तिथे आजी लोईस आणि आई युनीके दोघींची नावं आहेत.

घरच्या उपासनेचं थोडक्यात लिहिते. एक गीत, एक अध्याय, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना, वीस मिनिटं. आळीपाळीने एकेक ओवी वाचायची, सुरुवात सगळ्यात लहानाकडून, कारण ते आधी पेंगतं. वंशावळीचे अध्याय लहानांना द्यायचे नाहीत. मोठ्यांनी प्रार्थनेत एकमेकांना टोमणे मारायचे नाहीत, हा नियम तुझाच, आणि मला वाटतं घर त्यावरच टिकलं.

घरच्या मोठ्या पवित्र शास्त्राबद्दल मात्र काळजी वाटते. मधल्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्नं, मरणं लिहिली आहेत, ती पानं शिवणीपाशी सुटलीत. सेलोटेप लावू नका, बाबा. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, शाई खातो आणि मग निघत नाही. मोरचूदाची खळही तिथे नको, तिच्यातल्या तांब्याने कागद लवकर कुजतो. सध्या पानं जशी आहेत तशी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, प्रत्येक पानाचे दोन फोटो काढा, एक सरळ आणि एक उजेड बाजूने पडेल असा. पुसट अक्षरांत पेनाचा दाब उमटलेला असेल तर ती दुसऱ्या फोटोत जास्त दिसतात. शिवणीचं मी आले की बघते.

आई, तीन गोष्टी मला नक्की ठाऊक नाहीत. एका वाटी मैद्याला तुझी चिमूट म्हणजे गव्हाएवढा खडा की हरभऱ्याएवढा? बायकांना ळ तू ल नंतर लगेच द्यायचीस की शेवटी? आणि दोन इयत्ता एकत्र बसल्या तर वचन कुणाच्या मापाने निवडायचं?

बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत जक्कय दोन तुकड्यांत आहे की फक्त उंबर फाटलाय, तेवढं बघून कळवा. फळ्याला नवं फलालीन मी येताना आणते. एक मीटर पुरेल ना?

तुमची,
धाकटी