खोली विकू का, असं विचारलंस म्हणून

नेरूळ, नवी मुंबई
रविवार

प्रिय दत्ता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर मुद्दाम लिहून देतोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय हे तुझ्या आईला, मावशींनाही वाचून दाखवायचं आहे. खोलीवर तुझ्याइतकाच त्यांचाही शब्द चालतो.

तू म्हणतोस, झोपडपट्टी पुनर्वसनाचे सर्व्हेवाले येणार अशी वस्तीत बोलणी आहेत, एजंट बरा भाव देतोय, तर त्याआधीच देऊन टाकू का? आधी नियम काय तो ऐक, कारण एजंट तुला तो सांगणार नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्र ठरतो तो प्रत्यक्ष राहणारा. मालक म्हणवणारा दुसरीकडे राहत असेल, तर मतदार यादीत त्याचं नाव असलं तरी नव्या घरावर त्याचा काडीचा हक्क नाही. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१०) या कलमात हे सरळ लिहिलेलं आहे. आपल्याकडे योजना आली तर साचा तोच असणार. झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची असेल तर घर फुकट. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ च्या आतली असेल तर पैसे भरून. मुंबईत ती रक्कम अडीच लाख ठरवली आहे. अण्णांच्या नावाची १९९५ ची मतदार यादी, जुनी लाइट बिलं, सगळं तुझ्या त्या निळ्या फाइलमध्ये आहे. म्हणजे खोली पात्र आहे, तू नाहीस, कारण तू तिथे राहत नाहीस. वाईट वाटेल, पण असंच आहे.

आता रामसूरतचं बघ. तो तुझा भाडेकरू, बायकापोरांसह आत राहतोय. सर्व्हेवाला दार वाजवेल तेव्हा दार तोच उघडणार. पण खोली जुनी आहे हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागदाचा चिटोराही नाही. राहणं त्याच्याकडे आणि कागद तुझ्याकडे, अशी ही गाठ आहे, आणि एजंट ती बरोबर ओळखून आहे. तो तुझ्याकडून कागद स्वस्तात उचलणार, मग रामसूरतला हुसकावून स्वतःचा माणूस आत बसवणार. वरच्या आळीत हे झालेलं मी पाहिलंय. सामान बाहेर काढायला चार पोरं आली होती, आणि शेजारपाजारचे दार लावून आत बसले होते.

तू म्हणशील, खोली अण्णांनी बांधली. मान्य, मीही त्या भिंतींना माती लावलीय. पण अण्णांनी ती कशी बांधली ते आठव. ७२ च्या दुष्काळात आपल्या दोघांचे बाप जालन्याकडून निघाले आणि इथल्या खाणींवर लागले. वाशीचा खाडीपूल व्हायचाच होता, तो ७३ ला सुरू झाला. सिडको १९७० ची, कारखान्यांसाठी एमआयडीसीची जमीन त्याच्याही आधीची. रस्त्यांना, पुलांना, सेक्टरांतल्या इमारतींना खडी लागत होती आणि ती डोंगर फोडूनच निघत होती. आपल्या आया बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून दगड फोडायच्या. नकाशात खाणीला जागा होती, कारखान्याला होती, सिडकोनं तर वेगवेगळ्या उत्पन्नगटांसाठी घरंही काढली. खडी फोडणाऱ्यांनी रात्री झोपायचं कुठे, हे मात्र त्या नकाशात कुणी काढलं नाही. मग खाणीच्या कडेला ताडपत्री, पुढे पत्रे, पुढे विटा. अण्णांनी कुणाला विचारलं नव्हतं. खाणी बंद पडल्या, डंपर गेले, माणसं कापलेल्या डोंगरावर राहिली.

गावठाणातल्या आगरी-कोळ्यांकडे निदान सातबारा होता, आणि जमिनीसाठी लढणारा दि. बा. पाटलांसारखा नेता होता. त्यांनाही सुखासुखी काही मिळालं नाही. जानेवारी ८४ मध्ये जासईच्या दास्तान फाट्याला आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आपल्याकडे दाखवायला फुटलेला दगड. तो तर रस्त्यात गेला.

म्हणून सांगतो, अण्णा जसे त्या जागेत राहूनच तिचे मालक झाले, तसाच रामसूरत आज राहतोय. तो उत्तरेकडचा आहे म्हणून त्याला निराळा नियम लावायचा असेल तर मला विचारू नकोस. त्याचा पोरगा महापालिकेच्या शाळेत मराठीत शिकतो आणि माझ्या पोरीपेक्षा शुद्ध लिहितो.

एक गंमत सांगायची राहिली. २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटीलवर बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल होती ना, पावसामुळे मॅच पाचला सुरू झाली. मी तुझ्या खोलीसमोर बसूनच पाहिली, रामसूरतच्या टीव्हीवर. हायवेपलीकडे स्टेडियम, त्यामुळे विकेट पडली की आरडाओरडा आधी ऐकू यायचा आणि टीव्हीवर बॉल नंतर पडायचा! पोरं पैज लावत होती, विकेट की चौकार. शेवटचा कॅच हरमनप्रीतनं घेतला तो आम्हाला आधीच कळला होता. रामसूरतची बायको मात्र त्या दिवशी गाडीवर होती, स्टेडियमच्या रस्त्याला. भेळ सगळी खपली, तीही पोलिसांची शिट्टी वाजली की गाडी ढकलत.

आता इमारत झालीच तर काय होईल, ते माझ्या धंद्यातलं सांगतो. दिवसभर मी पामबीचच्या टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो, तुला माहीत आहे. तिथे एका विंगला तीन लिफ्ट. दोन साहेबलोकांच्या, एक सर्व्हिसची. आपल्या वस्तीतल्या बाया सर्व्हिसच्या लिफ्टनं वर जातात, कचऱ्याच्या डब्यासोबत. दरवाजा जरा कुरकुरला तरी मला फोन येतो, कारण सोसायटी वर्षाच्या कराराचे पैसे आगाऊ भरते. आणि गेल्या पावसाळ्यात मला ठाण्याला पुनर्वसनाच्या एका इमारतीत पाठवलं होतं. पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, गुडघाभर पाणी, दोराच्या तारा तुटून बाहेर आलेल्या, लिफ्टचा वेग आवरणारा गव्हर्नर गंजून जाम. लिफ्ट कधीची बंद होती हे वॉचमनलाही सांगता येईना, आणि वॉचमनचाही पगार थकलेला. वरच्या मजल्यावरचा एक म्हातारा दवाखान्यासाठी खुर्चीवर बसवून खाली आणावा लागला. मी साहेबांना अंदाजपत्रक दिलं, त्यांनी सोसायटीला दिलं, तिथेच ते पडलं.

लोक वाईट म्हणून असं होत नाही रे. वस्तीत ज्याचं मीटर त्याचं बिल. इमारतीत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळं एका सामाईक मीटरवर. नाक्यावर काम मिळालं त्या महिन्यात माणूस मेंटेनन्स भरतो, नाही मिळालं की थकवतो. दहा घरांनी थकवलं की पंप बंद, मग भरणारेही हात आखडतात. बिल्डर त्याच जागेवर बांधलेल्या विक्रीच्या टॉवरचं गेट वेगळ्या रस्त्याला काढून मोकळा झालेला असतो. शिवाय तीनशे चौरस फुटांत रामसूरतची गाडी कुठे उभी राहणार? आज ती दाराशी लागते, कांदा तिथेच चिरला जातो. आठव्या मजल्यावर चिरलेला कांदा गाडीपर्यंत न्यायलाही लिफ्ट चालू पाहिजे.

तरी मला विचारशील तर इमारत व्हावी. पावसात मागचा कडा सुटतो तेव्हा आई रात्रभर झोपत नाही. मेच्या शेवटी नोटीस येते, धोकादायक जागा आहे, स्थलांतर करा. कुठे, ते नोटिशीत नसतं. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत माझ्या पोरीनं उभं राहावं असं मला वाटत नाही. पण कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळे कार्पेट एरियावर भांडतात, आणि मी दर वेळी एकच विचारतो: लिफ्टच्या देखभालीचे पैसे कोण ठेवणार, कुठल्या खात्यात आणि किती वर्षांचे? हसतात मला. म्हणतात, लिफ्टवाल्याला लिफ्टच दिसणार.

तर तू काय करायचंस? एजंटच्या टोकनला हात लावू नकोस. रामसूरतशी मी परस्पर बोललोय, रागावू नकोस. एजंटएवढा भाव तो देऊ शकत नाही. थोडे आत्ता आणि उरलेले हप्त्यानं देईल. तू फाइल त्याच्या हवाली करायचीस. पैसे कमी मिळतील. मला विचारशील तर तरीही असंच कर. नाहीतर दुसरा रस्ता आहे, मावशींना घेऊन परत ये आणि राहा. पण खरोखर राहा, सर्व्हेपुरतं भाड्याचं कुटुंब बसवतात तसं नको. आणि मग रामसूरतला दुसरी जागा बघायला चार महिने दे. काहीच न ठरवता एजंटला झुलवत बसलास, तर तो तिसराच काही डाव करील.

मावशी काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडून मला कळव, तुझ्या नको. आणि फाइल टपालानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. नोटरीला तू आणि मावशी दोघंही समोर लागाल, मी साक्षीला येईन. बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल, बुधवारी मला सीवूड्सला दोर बदलायचे आहेत.

तुझा,
शिवा