पी.टी.च्या तासाला माझ्या मुलाला पायरीवर बसवू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा सहावीत आहे, त्याला टाइप-१ डायबिटीस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, दोन वर्षं झाली बाहेरून इन्सुलिन चालू आहे. शाळेत पीटीच्या तासाला त्याला ग्राउंडच्या पायरीवर बसवतात, बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या अन् घड्याळं सांभाळायला. शेजारी वर्गातली अजून एक मुलगी असते, ती जाड आहे, पळाली की पोरं हसतात म्हणून तिलाही बसवतात. सरांच्या मनात वाईट काही नाही हो, पोरगं चक्कर येऊन पडलं तर काय ही भीती, पण ज्यांना खेळाची सगळ्यात जास्त गरज तीच दोघं बसलेली बघून माझा जीव तुटतो.

आमच्या डॉक्टरांनी समजावलेलं सगळ्या आईवडिलांना कळावं म्हणून लिहितेय. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, तिच्यातून सारखी अशी रसायनं सुटतात की शरीराला वाटतं कुठंतरी जखम झालीय. ताप नाही, दुखणं नाही, पण रक्तात सीआरपी, म्हणजे आतली सूज दाखवणारं प्रथिन, वाढलेला निघतो. ही आतली सूज इन्सुलिनचं काम अडवते, रक्तवाहिन्यांना त्रास देते, आणि हे लहान वयातच सुरू होतं. माझा मुलगा तर काटकुळा आहे, पण साखर सारखी चढलेली राहिली की त्याच्या शरीरातही ही सूज असू शकते.

पोरगं पळायला लागलं की स्नायूंमधून आयएल-६ नावाचं रसायन सुटतं. हे ऐकून मी घाबरलेच, कारण सूज असताना वाढतं तेही हेच! पण व्यायामातली ही उसळी थोड्या वेळाची असते आणि तिच्या मागोमाग सूज शमवणारी रसायनं येतात. जाड मुलांमध्ये आणि टाइप-१ वाल्यांमध्ये ही उसळी बाकीच्या मुलांपेक्षा मोठी दिसलीय, म्हणून एकदम दमवायचं नाही, हळूहळू वाढवायचं. जाड मुलांनी महिनोन्महिने नेमाने व्यायाम केला, त्यातून चरबी उतरली, तर सीआरपीही खाली येतो. शिवाय पळताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल सांगते, आणि आमच्याकडे आठवड्याचे दोन तास, त्यातला एक परीक्षा आली की गणिताला जातो.

मागच्या रविवारी आम्ही अजिंक्यताऱ्यावर गेलो. पायथ्याला बोट टोचून बघितलं तर साखर १६२, वर दरवाज्यापाशी ८८, म्हणजे भराभर उतरत होती, मग तिथंच बसून ग्लुकोज पावडरचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मगच पुढं. घाम पुसत पोरगं म्हणालं, "आई, मी दमलो नाय, उगं बसवू नको." त्या रात्री दोन वाजता उठून पुन्हा साखर बघितली कारण खेळानंतर कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा ती घसरू शकते, हे पालकांनी विसरू नये. आणि साखर २५० च्या वर असून कीटोनही (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) निघाले तर त्या दिवशी खेळ बंद, सरळ डॉक्टरांना फोन.

एवढंच तर सांभाळायचंय. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडरची एक छोटी पिशवी मी दप्तरात देते, ती ग्राउंडच्या कडेला राहू द्या, हात थरथरले, घाम फुटला, पोरगं गप्प गप्प झालं की साखर घसरतेय हे सरांना आणि वर्गातल्या दोन मुलांना ओळखता येऊ द्या, मी स्वतः येऊन शिकवते. त्या मुलीला पहिल्या दिवशी पळवू नका, खो-खोच्या रांगेत बसवा, उठबस तर होईल. हसणाऱ्यांना मात्र सरांनीच गप्प करायचं, ते माझ्या हातात नाही. सातारच्या शाळांनी हा विचार करावा ही हात जोडून विनंती.

– एक आई, शाहूपुरी, सातारा