उद्यमबागेतल्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण बेळगावच्या उद्यमबागेत हॉटेलांची स्टीलची कामं करणाऱ्यांना हे वाचून तुम्ही कोण ते कळेल, आणि ते कळावंच असं मला वाटतं.

सॅलमँडर, म्हणजे पदार्थाला वरून आच देणारं मशीन, घ्यायचा हे आमचं ठरलेलं होतं. पिरनवाडीच्या अलीकडं आमचं हॉटेल, चोर्ला घाटामार्गे गोव्याला जाणारी-येणारी माणसं जेवायला थांबतात. त्यांना बटर-गार्लिक सुरमई लागते, बेक्ड डिश लागते, मसाला पापड तर टेबलागणिक. खालच्या शेगडीवर मासा शिजतो, पण वरचा रंग आणायला गेलं की आतून कोरडा पडतो. शेवटचा मिनिटभर वरून कडक आच हवी, एवढंच आमचं मागणं होतं.

एवढ्यासाठी किती दुकानं पालथी घातली! एका बड्या शोरूममध्ये बजेट किती, यापलीकडं काही विचारलंच नाही. दुसऱ्यानं चीज वितळवायचं हलकं मशीन सॅलमँडर म्हणून दाखवलं. तिसऱ्यानं 4 किलोवॅटचं इलेक्ट्रिक मशीन पुढं केलं आणि ‘कुठल्याही प्लगला लावा’ म्हणाला. त्या मशीनच्या माहितीचा कागद तुम्ही हातात घेतलात आणि उभ्या उभ्या हिशोब सांगितलात: 230 व्होल्टला हे 17 अँपिअरच्या वर ओढणार, तुमचं सॉकेट 16चं. रोज तासन् तास चाललं की आधी वायर तापणार, मग जळणार. काका, त्या माणसालाही हा हिशोब येतच असणार. धंदा त्याचाही तोच आहे. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही गॅसवरचा, सिरॅमिक बर्नरचा घ्यायला लावलात. भट्ट्यांच्या हाय-प्रेशर लाईनला तो जोडायचा नाही, त्याला वेगळा लो-प्रेशर रेग्युलेटर, हेही तुम्हीच बजावलंत. ‘बॉडी तुम्हीच बनवून द्या’ असं आम्ही म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पत्रा मी बनवीन, पण ह्याचा जीव बर्नरात आहे. तयार, चांगल्या बर्नरचा घ्या.’ हातात आलेलं काम तुम्ही स्वतःहून सोडलंत.

पण हे पत्र मी लिहायला बसले ते त्यासाठीही नाही.

मशीन भिंतीवर चढवायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘ह्याच्यासमोर उभारणार कोण?’ इतक्या दुकानांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. आमच्या मावशी पुढं आल्या. बुटक्या आहेत, खांदे धरलेले, आणि कुणाला त्रास नको म्हणून सगळ्याला ‘चालतंय’ म्हणणाऱ्या. तुम्ही भिंतीवर खडूनं रेघ मारलीत, त्या म्हणाल्या, चालतंय. तुमचं समाधान झालं नाही. सिझलरची बिडाची प्लेट घेतलीत, तिच्यात काठोकाठ पाणी ओतलंत आणि म्हणालात, ‘आता रेघेपर्यंत न्या बघू.’ मावशींचं कोपर खांद्याच्या वर गेलं आणि पाणी त्यांच्याच हातावर सांडलं. ते पाणी होतं. उद्या तिथं उकळतं बटर असतं.

तुम्ही रेघ पुसलीत, खाली घेतलीत, पुन्हा प्लेट भरलीत. पाणी सांडायचं थांबेपर्यंत हेच चाललं होतं. मग भट्टीच्या डोक्यावरची जागाही रद्द केलीत, कारण खालच्या जाळावरून हात घालावा लागला असता. बाजूच्या ओट्यावर जागा करून दिलीत. शोरूमवाल्यांच्या नकाशात सॅलमँडर बरोबर भट्टीच्या वर होता. जागा वाचते म्हणे.

बसवून झाल्यावर जाळीभर ब्रेडच्या स्लाईस मांडून आच कुठं पडते तेही दाखवलंत. उजवा कोपरा पांढराच राहिला. आता मासा मधोमध आणि तो कोपरा प्लेट गरम ठेवायला, असं पोरांना पाठ झालं आहे.

काका, तुम्ही माप घेताना आकडे कानडीत मोजत होता, आमच्याशी मराठीत बोलत होता, आणि मावशी दोन्हींत उत्तरं देत होत्या. आमच्या बेळगावात अशी माणसं खूप आहेत. त्यांची बातमी होत नाही, म्हणून मी लिहिते आहे. दुसऱ्याच्या हाताला चटका बसू नये म्हणून आपला अर्धा दिवस घालवणारा माणूस मला शिकल्यासवरल्या पुष्कळांपेक्षा मोठा वाटतो. मावशींच्या हातावर या मशीनचा एकही डाग नाही. जुन्या भट्टीचे आहेत, ते आता जायचे नाहीत.

त्या अर्ध्या दिवसाची मजुरी तुम्ही घेतली नाहीत, ‘मशीन विकलं कुठं मी?’ म्हणालात. तर आता माझं ऐकायचं. येत्या रविवारी काकूंना आणि नातवंडांना घेऊन जेवायला या. सुरमई मावशी स्वतः करणार आहेत, त्यांनी तसं बजावून ठेवलंय. आला नाहीत तर डबा घेऊन आम्हीच वर्कशॉपवर येऊ.

तुमची,
हॉटेलवाली ताई