वर्सोव्याच्या त्या दोघांना

परवा पहाटे बोट घेऊन वर्सोव्याच्या खाडीतून बाहेर पडलो आणि डिझेलचा उग्र वास आला. फळी उचलून पाहतो, तर तळातल्या पाण्यावर तवंग. टाकी गळत होती. पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यापासूनची दुसरीच खेप, सोबत धाकटा पोरगा. माझे हातपायच गळाले.

मागून येणाऱ्या बोटीने न विचारता दोर फेकला आणि आम्हाला ओढत धक्क्याला आणलं. त्या बोटीच्या तांडेलची, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याची, सकाळची भरती वाया गेली, तरी चकार शब्द नाही.

धक्क्यावर एक म्हातारे मामा जाळं विणत होते. आधी ओरडले, "बिडी विझवा, बॅटरीची वायर काढा!" मग नळीने डिझेल कॅनमध्ये काढून घेतलं, टाकी पुसून कोरडी केली आणि तिच्यावर पांढरा खडू घासला. दोन मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटली. टाकी आवळणाऱ्या पट्ट्याखाली खारं पाणी साचून पत्रा सडला होता. तिथे कपड्यांचा साबण रगडून भरला. "ही आजची सोय. वेल्डिंगवाला टाकी न धुता, तिच्यात पाणी न भरता ज्योत लावायला लागला, तर त्याला हाकल."

पोराचे हात डिझेलने चुरचुरत होते. मामांनी साबणाने ते धुतले, खोबरेल चोळलं आणि डब्यातली अर्धी भाकरी-सुकट त्याच्यापुढे ठेवली. पैसे काढले, तर माझ्यावरच चिडले.

गडबडीत दोघांचीही नावं विचारायची राहिली. मामा, टाकीला आता नवा पत्रा लागलाय. पाणी भरूनच वेल्डिंग केलं. तुमची खोबरेलची बाटली मात्र पोराच्या खिशातच राहिली, ती घेऊन येतोय.