चिऊ, सत्काराला नको येऊस, पण हे वाच

चिऊ बाळा,

रविवारी तू फोन कट केलास की रेंज गेली कळलं नाही, मी परत दोनदा लावला. चूक माझीच आहे. तुला न विचारता तुझ्या सत्काराला मंडळाला हो म्हणून बसलो, त्यांनी फ्लेक्सवर तुझा फोटोपण टाकला. आता काढायला सांगितलाय. पण "बाबा तुम्हाला गावात मिरवायचंय" असं म्हणालीस ना, ते लागलं. थोडं खरं पण असेल.

रात्रीच्या लोकलबद्दल एक शब्द लिहायचा नाही असं ठरवून बसलोय.

जतच्या त्या आजोबांचं सांगितलंस तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कल्याण स्टेशनला नऊ दिवस बसून असलेला माणूस, स्वतःचं नाव सांगता येईना, अर्धं कन्नड अर्धं मराठी, लोक वेडा म्हणून पुढे जायचे, आणि तू शेजारी बसून नाव-पत्ता सोडून जत्रा कुठली, बाजार कुठल्या वारी असलं विचारत राहिलीस. ते दानम्मा दानम्मा म्हणाले आणि तुला दानम्मादेवीचं गुड्डापूर आठवलं, आपण आत्याबरोबर गेलो होतो ते. मग ग्रामपंचायतीत फोन, पोलीस पाटलाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, तिसऱ्या दिवशी मुलगा न्यायला हजर. तू किती सहज सांगितलंस हे. मी फोन ठेवून मागच्या पडवीत जाऊन बसलो, आई दोनदा जेवायला हाका मारून गेली.

पण तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते ना? आणि तू एकटी होतीस.

बरं. सत्कार. तू म्हणालीस चहावाल्याचा करा, नऊ दिवस खाऊ त्याने घातलं आणि तुमच्या हरवलेल्यांना घरी पोचवणाऱ्या ग्रुपवर फोटो पण त्यानेच पाठवला. पटलं मला, अध्यक्षांना तसं सांगितलं, ते त्याला तिकीट काढून बोलावणार आहेत. पण मी हो का म्हणालो ते ऐक.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस स्टेशनच्या राजेंद्र भोसले साहेबांची बातमी तूच पाठवलेलीस. २००८ ते २०१५ मध्ये हरवलेल्या १६६ मुली, त्यातल्या १६५ सापडल्या. राहिली एक, जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून गेलेली सात वर्षांची पोर. साहेब २०१५ ला रिटायर झाले, कुणी विचारणार नव्हतं, तरी शोधायचं सोडलं नाही. ऑगस्ट २०२२ ला पोर घरी आली, साडेनऊ वर्षांनी, तेही तिच्याच हरवल्याच्या जुन्या पोस्टरवरून, आणि त्यावरचा एकच नंबर चालू राहिला होता. हे तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवत होतो, शेवटचं वाचता आलं नाही.

आणि डॉक्टर भरत वाटवानी. रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना आणून, बरं करून, पार त्यांच्या गावी नेऊन सोडतात, कर्जतला केंद्र आहे. २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं तेव्हा मला हे पेपरात पहिल्यांदा कळलं. काम सुरू केलेलं १९८८ ला. १९८८, चिऊ. माझा भाऊ आप्पा हरवला त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे आम्ही फलटणला रडत बसलो होतो तेव्हा मुंबईत अशी माणसं होती आणि आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. मंडळाच्या स्टेजवर दोन मिनिटं जरी हे कुणी बोललं तरी खाली बसलेल्या एखाद्या घराला कळेल, एवढ्यासाठी हो म्हणालो होतो.

आप्पाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. वारीत वाखरीच्या तळावर मी चुरमुरे घ्यायला थांबलो, त्याला म्हणालो इथेच उभा रहा. तो उभा राहायचा, ऐकायचा माझं. वळलो तर नाही. स्पीकरवर त्याचं नाव तीन वेळा पुकारलं, पण आप्पा स्वतःच्या नावाला ओ द्यायचाच नाही, ते त्या पुकारणाऱ्याला काय माहीत. चौकीत म्हणाले दोन दिवस थांबा, येईल. लहान मुलांच्या बाबतीत तरी २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवा, तेव्हा असलं काही नव्हतं, आणि आप्पा तर बावीस वर्षांचा. सात वर्षांनी तलाठी म्हणाले आता कायद्याने मयत धरता येतं, वारस नोंद करून घ्या. आजी म्हणाली माझा लेक मेला असा अंगठा मी लावायचा? नाही लावला. रेशनकार्डावरचं नाव पण तिने असेपर्यंत कमी करू दिलं नाही.

म्हणून मला भीती वाटते गं. गर्दीत माणूस जातो कसा ते मी पाहिलंय, एका चुरमुऱ्याच्या पुडीएवढा वेळ लागतो. फोन चार्ज ठेव, पॉवरबँक घेऊन जा, ग्रुपमधलं कुणीतरी बरोबर असल्याशिवाय प्लॅटफॉर्मवर थांबायचं नाही, लोकेशन आईला चालू ठेव, शेवटची लोकल धरायची वेळच... झालं सुरू माझं. सॉरी. २७ वर्षांची आहेस, तुला कळतं. हे काम सोड असं मी म्हणत नाहीये, म्हणणार पण नाही, तुझ्या जागी तेव्हा वाखरीत कुणी असतं तर आज घरात दोन भाऊ असते.

आई विचारते दिवाळीला नक्की ना. आत्याचा गुडघा बरा आहे.

एक काम आहे. काकांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत आप्पा मागच्या ओळीत आहे, तेवढाच एक फोटो. स्टुडिओत नेऊन तेवढा भाग मोठा करून घेतलाय, व्हॉट्सअ‍ॅप करतो. तुझ्या ग्रुपवर टाक. आत्तापर्यंत कुणाला द्यायची हिंमत झाली नव्हती. वय आता साठीच्या जवळ लिही. रंग सावळा, उंची माझ्यापेक्षा दोन बोटं जास्त, डाव्या भुवईवर व्रण, नावाने हाक मारली तर बघणार नाही, विठ्ठल म्हटलं की बघतो. नंबर माझाच दे, मी बदलणार नाही.

आणि रात्री बाहेर असलीस तर लगेच नको टाकूस, रूमवर पोचलीस की टाक.

बाबा